मुद्दाम हरलेले तीन डाव

हरायचं कसं, हे तिच्याकडून शिकावं. जिंकायला काय, कुणीही जिंकतो आणि मग आठवडाभर सांगत सुटतो. पण दातांच्या लॅबमध्ये दुपारी एक ते दीडच्या दरम्यान मागच्या खोलीत डोकावलं, तर प्लास्टरच्या पोत्यांशेजारी उंच स्टुलावर ही त्रेपन्न वर्षांची बाई डबा उघडा ठेवून फोनवर बुद्धिबळ खेळताना दिसायची. वजीर गेला, हत्ती अडकला, आता काही खरं नाही असं दिसलं, की ती एकदा मान हलवायची, पांढऱ्या झेंड्याचं बटण दाबून डाव सोडायची आणि जगाच्या कुठल्या तरी टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाला लिहायची, 'छान खेळलात. धन्यवाद.' मग गार झालेलं जेवण संपवायची.

समोरची मंडळी मात्र एकेक नमुने. कुणी जिंकल्यावर दात काढणारे चेहरे पाठवी. कुणी हरल्यावर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. आणि सगळ्यात वाईट ते, जे हरायला आले की चाल करायचीच बंद करत. घड्याळात दहा मिनिटं शिल्लक आहेत ना, मग बसा तुम्ही पडद्याकडे बघत, मी चाललो. पॉलिश करणारा तिच्या खांद्यावरून बघत म्हणे, "कवळीताई, बंद करून टाका ना." त्यावर ती म्हणे, "मी का बंद करू? मी बसणार. वेळ त्याचा आहे. घरी कुणी शिकवलं नाही बिचाऱ्याला." हे 'बिचाऱ्याला' ती अशा काही सुरात म्हणे, की शिवी परवडली.

तिला घरी शिकवलं होतं. तिचे बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. शहराखालून कुठला पाइप कुठे वळतो, हे कागदावर दाखवायचं काम. माणूस असा की घरची सामानाची यादीसुद्धा पट्टी लावून लिहायचा. तिला सातव्या वर्षी त्यांनी खिडकीपाशी पाट टाकून बुद्धिबळ शिकवलं आणि सोंगट्यांच्या चालींआधी नियम शिकवले. डाव हरला हे कळलं की समोरच्याला उगाच ताटकळत ठेवायचं नाही. राजा आडवा ठेवायचा, हात पुढे करायचा, छान खेळलात म्हणायचं, आणि म्हणताना त्याच्या तोंडाकडे बघायचं. शेवटचा नियम सगळ्यात कडक होता. मुद्दाम हरायचं नाही. "समोरच्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं आहे ते," बाबा म्हणायचे. "तू कच्ची आहेस, तुझ्याशी खरं खेळायचीही गरज नाही, असं सांगणं."

एकदा काका आले होते. त्यांनी कौतुकाने तिला जिंकू दिलं आणि "अरे वा, हरलो बुवा!" म्हणून टाळ्या पिटल्या. बाबा पेपर बाजूला ठेवून उठले. म्हणाले, "पुन्हा मांड. आणि खरं खेळ." काकांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. काका पुन्हा खेळले, पंधरा मिनिटांत आठ वर्षांच्या पुतणीला हरवलं आणि चहा न घेता गेले. ती रडली. पण रडता रडता तिला एक गोष्ट पक्की कळली, की या घरात तिला कुणी लहान समजत नाही.

दहाव्या वर्षी तिने स्वतः एकदा ताळतंत्र सोडलं होतं. हरते आहे म्हटल्यावर पट उधळून लावला. बाबांनी बत्तीस सोंगट्या तिच्याकडूनच गोळा करून घेतल्या, कपाटाखालचं प्यादंसुद्धा. पांढऱ्या घोड्याचा एक कान तुटला होता, तो काही सापडला नाही. पुढे ती लॅबमध्ये लागली, तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने कवळीसाठी वापरतात त्या हिरडीच्या रंगाच्या मसाल्याचा कान करून घोड्याला बसवला. तेव्हापासून त्या पटावर एक पांढरा घोडा गुलाबी कानाचा आहे. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "हा कान माझ्या मुलीने केलाय."

ही शिकवण तिच्या इतकी अंगी भिनली होती की नवऱ्याशी पटलं नाही, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने त्याच्याशी हात मिळवला, "बरं, नीट राहा" म्हणाली आणि बस पकडली. तिचा वकील बघतच राहिला. ही बाई हरली की जिंकली, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आई गेल्यावर दादा बाबांना आपल्या घरी घेऊन गेला. ते शहर आठ तासांवर. बाबांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे रविवारचा फोन म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा. मग दादाने त्यांना टॅब घेऊन दिला आणि बापलेकीचा खरा संवाद सुरू झाला. एका चालीला तीन दिवसांची मुदत, असा संथ डाव. एक संपला की दुसरा. सकाळी लॅबमध्ये येताना ती फोन बघायची. बाबांनी उंट हलवला असेल तर बाबा उठले, चहा झाला, चष्मा सापडला, सगळं ठीक आहे. सेहेचाळीस वर्षांत ती त्यांच्याशी एकही डाव जिंकली नव्हती. एकदा बरोबरी झाली होती, त्याचं कौतुक दोघांना वर्षभर पुरलं. दर वेळी हरली की ती लिहायची, 'छान खेळलात.' बाबा लिहायचे, 'तूही. चौदाव्या चालीला घाई केलीस.' एकदा तरी बाबांना खरोखर हरवायचं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात जपून ठेवली होती.

मग लॅबमध्ये मशीन आलं. तोंडाचा फोटो आत घातला की बाहेर कवळी कोरून येते. आजवर ती मेणात एकेक दात बसवायची. माणूस कसा हसत असेल याचा अंदाज घेऊन एखादा पुढचा दात केसभर तिरका ठेवायची, म्हणजे खोटा वाटू नये. मशीन सगळे दात सरळ ठेवत होतं आणि लोकांना तेच आवडत होतं. मालकाने तिला काढलं नाही, फक्त प्लास्टर ओतायला बसवलं. तीस वर्षांपूर्वी ती जिथून सुरू झाली होती, तिथेच. त्या रविवारी तिने फोनवर बाबांना सांगितलं आणि नेमकं तेवढं त्यांना नीट ऐकू आलं. "हं," ते म्हणाले.

त्यानंतरचा पहिलाच डाव ती जिंकली.

बाबांनी वजीर उघडा टाकला होता. तिने तीनतीनदा तपासलं, सापळा असणार म्हणून दोन दिवस हातच लावला नाही. सापळा नव्हता. बाबांनी डाव सोडला आणि लिहिलं, 'छान खेळलीस.' ती प्लास्टरने माखलेल्या हातांनी मागच्या खोलीत अक्षरशः नाचली. पॉलिशवाल्याने खालून केक आणला. सगळ्यांनी एकेक तुकडा तोंडात टाकला, मशीन चालवणारी नवी मुलगीसुद्धा. कित्येक महिन्यांत ती इतकी हसली नव्हती.

दुसरा डावही ती जिंकली, आणि या वेळी केक गोड लागला नसता. बाबांनी एक हत्ती फुकट दिला होता.

तिसऱ्या डावात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचा राजा शेवटच्या रांगेत तीन प्याद्यांच्या मागे कोंडून बसला होता. तिचा हत्ती सरळ खाली गेला की मात. ही मात बाबांनी तिला शिकवलेली पहिली मात. "राजाला एक खिडकी ठेव, नाहीतर गुदमरतो," हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं. हा माणूस झोपेतसुद्धा खिडकी ठेवायला विसरणार नाही. म्हणजे? म्हणजे लेकीचं काम गेलं, लेक खचली, चला, तिला चार डाव जिंकू द्या. काकांसारखं. टाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनने तिला मोडीत काढलं ते तिने गिळलं होतं. पण बाबांनी? तिने हत्ती हलवलाच नाही. लिहिलं, 'बाबा, तुम्ही मुद्दाम हरताय का? खरं सांगा.'

दीड दिवस उत्तर नाही. मग आलं. 'हो. मुद्दाम हरलो. तुला बरं वाटावं म्हणून. चुकलो.'

तिने लिहिलं, 'मुद्दाम हरणाऱ्याशी मी खेळत नाही.' आणि डाव अर्धवट टाकून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने राजा आडवा न ठेवता घड्याळ नुसतं चालू ठेवलं.

पुढच्या रविवारी बाबांचं निमंत्रण आलं. नव्या डावाचं, एक हिरवं आणि एक लाल बटण. तिने लाल दाबलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. वहिनी फोनवर म्हणाली, "अगं, बाबा विचारत होते, तू रागावलीस का." ती म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे." बाबांनी फोन घेतला तर ती हवापाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची. हट्टी तर होतीच, आणि हट्टाला नियमाचा आधार मिळाला की माणूस फारच ताठ चालतो. तिला वाटायचं, अजून एकदा माफी मागतील, मग खेळू. आपण बरोबर आहोत याची तिला इतकी खात्री होती की बाबांची आठवण येऊन डोळे भरले, तरी तेही तिला बरोबर असल्याचंच लक्षण वाटायचं. अशी अकरा निमंत्रणं तिने नाकारली. बारावं आलं नाही. तिने मनाशी म्हटलं, थकले असतील. बघू, किती दिवस न खेळता राहतात.

तीन महिन्यांनी, लॅबमध्ये साचे धूत असताना वहिनीचा फोन आला. बाबा कोपऱ्यावर पेपर आणायला गेले आणि परत यायचा रस्ता विसरले. दुपारी दोनला सापडले, एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर. दुकानदाराने पाणी दिलं होतं. वहिनी रडत नव्हती, नुसती दमलेली होती.

"असं कधीपासून चाललंय?" तिने विचारलं.

"डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं होतील आता."

"दोन वर्षं? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"त्यांनीच शपथ घातली होती गं आम्हाला," वहिनी म्हणाली. "तिला अजिबात कळवायचं नाही म्हणाले. तिला कळलं तर ती माझ्याशी मुद्दाम हरेल."

तिच्या हातातला साचा पाण्यात पडला. वरचा जबडा, कुणा सत्तर वर्षांच्या बाईचा. तो तुटला की नाही, हे तिने बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दादाच्या घरी पोचली, तेव्हा बाबा आत झोपले होते. वहिनीने स्वयंपाकघरात तिच्यापुढे एक वही ठेवली. "टॅबजवळ असायची. मला त्यातलं काही कळत नाही."

तिला कळलं. बाबांच्या त्याच सरळ, नकाशावरच्या अक्षरांत पहिल्या पानावर डावांच्या चाली होत्या. पुढे अक्षर वाकडं होत गेलं होतं. मग एका पानावर चौकट आखून लिहिलं होतं, 'घोडा : दोन घरं सरळ, एक आडवं. उंट : तिरका. राजाला खिडकी.' खिडकीखाली दोन रेघा होत्या. आणखी पुढे तिच्या प्रश्नाची तारीख, आणि तिला पाठवायच्या उत्तराचा कच्चा मजकूर. दीड दिवस बाबा काय करत होते, ते त्या पानावर दिसत होतं. 'मला मात दिसली नाही' असं लिहिलं होतं आणि पट्टी लावून खोडलं होतं. त्याखाली 'मला हल्ली दिसत नाही', तेही पट्टी लावून खोडलेलं. सगळ्यात खाली, न खोडलेलं, 'हो. मुद्दाम हरलो.'

आपल्या बापाने जगातला सगळ्यात वाईट गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून घेतला आणि आपण तो मान्य केला. वाद घातला नाही, शंका घेतली नाही. इतकी वर्षं ओळखून त्या माणसाला एवढंच ओळखलं. ती वही छातीशी धरून स्वयंपाकघरात खूप रडली आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एकच गोष्ट आता करायची होती. बाबांना सांगायचं, की मला कळलं. तुम्ही मुद्दाम हरला नाहीत. त्यांच्या नावावरचा तो डाग पुसून टाकायचा, बस्स.

सकाळी बाबा खिडकीपाशी बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट. ती आत गेली तसे ते उठून उभे राहिले.

"या, बसा," ते म्हणाले. "दादाकडे आलात का? येईल तो एवढ्यात."

ती बसली. कपाटावर जुना पट दिसला, तो तिने खाली काढला. बाबांचा चेहरा उजळला. "खेळता तुम्ही?"

"थोडंसं."

सोंगट्या त्यांनीच मांडल्या. घोडा आणि उंट यांच्या जागा चुकल्या, त्या तिने हळूच सरळ केल्या. गुलाबी कानाचा घोडा तिने मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवला आणि श्वास रोखून बघत राहिली. बाबांनी तो उचलला, कानावरून अंगठा फिरवला, आणि हत्तीसारखा सरळ चार घरं पुढे नेऊन ठेवला. तिने एक प्यादं हलवलं, मग वजीर त्यांच्या घोड्याच्या टप्प्यात उघडा आणून ठेवला. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करत होती. घ्या ना, बाबा, ती मनात म्हणत होती. घ्या आणि एकदा हसा.

बाबांनी वजीर घेतला नाही. त्यांना तो दिसलाच नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

"माझी मुलगी फार छान खेळते," ते म्हणाले. "पण आता माझ्याशी खेळत नाही."

"का हो?" तिने विचारलं.

बाबा पुढे वाकले. लाज वाटावी तसे हळू बोलले. "मी मुद्दाम हरलो ना. तीन डाव."

"नाही, बाबा. तुम्ही मुद्दाम नाही हरलात. तुम्हाला बरं नव्हतं. तुम्हाला ती मात दिसलीच नाही. मी आलेय, बाबा, माझंच चुकलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाहुण्याने भलतीच लुडबुड केली की सभ्य माणूस पाहतो, तसं. "तुम्हाला काय माहीत? मी स्वतः लिहून दिलंय तिला." आणि उठून त्यांनी टॅब आणला. कितीदा उघडलं असेल कोण जाणे, बोट बरोबर तिथेच गेलं. त्यांचं उत्तर आणि खाली तिचं शेवटचं वाक्य. बोट ठेवत ठेवत त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. "मुद्दाम. हरणाऱ्याशी. मी खेळत नाही." मग टॅब मिटून मांडीवर ठेवला. "बरोबर आहे तिचं. मीच शिकवलंय."

ती पुन्हा सांगू लागली. वही आणली, खोडलेल्या ओळी दाखवल्या. "खोडलेलं वाचू नये," बाबा म्हणाले. "खोडलंय म्हणजे चुकीचं असणार." तिने त्यांचा हात धरला, ती कोण आहे ते सांगितलं, नाव सांगितलं, कानाची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते, मान डोलावत होते, मधूनच दाराकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली, या अनोळखी बाई का रडतायत अशी. तेव्हा ती थांबली.

पटावर डाव तसाच पडला होता. त्यात ना जीव होता ना नियम. तिने डोळे पुसले, आपला राजा उचलला, आडवा ठेवला आणि हात पुढे केला. त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "छान खेळलात."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. चेहऱ्यावरची भीती गेली, हे त्यांना ओळखीचं होतं.

"तुम्हीही छान खेळलात," ते म्हणाले. मग थोडं घुटमळले, कारण पाहुण्याला असं बोलणं त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. "पण राग मानू नका हं. माझ्या मुलीची सर नाही तुम्हाला."